फळीवरची भाषा

‘गोंदियाची मराठी म्हणजे अर्धी हिंदीच!’ बाहेरून आलेला पाहुणा हा शेरा हमखास मारतो. पलीकडे बालाघाट, शेजारी राजनांदगाव. हद्दीचे कारण सर्वांना ठाऊक आहे. पण अशीच सरमिसळ मुंबईच्या गिरणगावात होती. नारायण सुर्व्यांच्या ‘माझे विद्यापीठ’नंतर (1966) तिला कामगारांची भाषा म्हणून मान मिळाला. गोंदियाच्या वाट्याला मात्र ‘अशुद्ध’ एवढाच शिक्का.

मे महिन्यात देवरी-सालेकशाकडची तेंदूपत्त्याची फळी, म्हणजे पुडे मोजून घेण्याची जागा, पाहावी. 70 पानांचा एक पुडा, मजुरीचा दर शेकड्याने. तोडणारीची घरची बोली गोंडी, पोवारी नाहीतर झाडीबोली. व्यापार हिंदीचा, सरकारी कागद मराठीचा. पुडा ढिला म्हणून मुंशीने बाजूला सारला, की भल्या पहाटेपासूनची मेहनत हिशेबातून गेली. वहीत उतरेल तेवढीच मजुरी.

मग भाषेलाही वर्ग असतो का? स्टालिनने 1950 मध्ये बजावले होते, की भाषा सगळ्या वर्गांना सारखीच सेवा देते. भांडवलदारांची म्हणून रेल्वे उखडायला निघालेल्यांची त्याने तेव्हा टरही उडवली. गोंदिया जंक्शनवर उभ्या माणसाला हे पटेलही. हावडा-मुंबईचे रूळ मजुराला आणि मालकाला एकच. पण वही दोघांना सारखी नसते. रशियन भाषाविचारक व्होलोशिनोव्हने 1929 मध्येच लिहिले होते, की एकाच भाषेत निरनिराळे वर्ग नांदतात, त्यामुळे एकाच शब्दावर त्यांचे निरनिराळे आघात पडतात. ‘खराब पुडा’ ही मुंशीची प्रतवारी. तोडणारीचे ते बुडालेले पैसे.

इथे एक अडचण येते. याच पानांवर चालणाऱ्या बिडीच्या धंद्यात वाढलेल्या मनोहरभाई पटेलांनीच 1958 मध्ये गोंदिया शिक्षण संस्था उभारली. बिडीच्या पैशाने इथे शाळा-कॉलेजेही आणली, आणि वही वाचणारी पिढी त्यांतूनच निघाली. ‘पैसा भाषा मारतो’ एवढ्या एका सूत्रात हे बसत नाही.

दुसरी अडचण स्टालिनच्या बाजूची. 2006 च्या वनहक्क कायद्याने तेंदूपाने ग्रामसभांच्या मालकीची झाली आणि 2013 पासून जिल्ह्यातल्या काही ग्रामसभा पाने स्वतः विकू लागल्या. त्यासाठी त्यांनी नवी भाषा घडवली नाही. लिलाव, करारनामा, रॉयल्टी हे जुनेच शब्द उचलले. फक्त सही ग्रामसभेची. म्हणजे रूळ उखडायचे नसतात, हे म्हातारा बरोबर बोलला होता. मात्र ते आपोआप सगळ्यांचे होत नाहीत. इथे त्यासाठी आधी कायदा बदलावा लागला.

आणि तोही पानांपुरताच. तीच पाने पुढे घरोघर बिडी वळणाऱ्या बायांकडे जातात. त्यांची मजुरी हजार बिड्यांमागे, आणि कुठली बिडी छाट, म्हणजे नापास, हे अजून माल घेणाराच ठरवतो.