वासराचा वाटा

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया आदिवासींच्या गावांत गायी-बैल पुष्कळ, पण दुधाची चरवी कुठे दिसत नसे. गाय दोहायची नाही, असा तिकडचा जुना रिवाज. दूध वासराचं, ते आपण कसं घ्यायचं, एवढंच त्यामागचं कारण. त्याला कुठल्या पोथीचा आधार नव्हता आणि व्रताचं नावही नव्हतं. आता रस्ते झाले, आश्रमशाळा आल्या, दुधाची पाकिटं पोचली आणि दुधाळ जनावरं वाटण्याच्या सरकारी योजनाही पोचल्या. तरी आतल्या गावात पाहुण्याच्या हाती येतो तो बहुधा कोरा चहाच.

इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी १९४४च्या नोव्हेंबरात ‘व्हेगन’ हा शब्द घडवला. मांस सोडलेल्या, पण दूध-अंडी खाणाऱ्या शाकाहाऱ्यांपासून त्यांना वेगळं व्हायचं होतं. दुधाच्या धंद्यातही वासराचं हिरावून घेतलं जातंच, हा त्यांचा मुद्दा. इंद्रावतीकाठच्या माडिया माणसाला तो कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मात्र माडियाला ‘आद्य व्हेगन’ ठरवून त्याच्या गळ्यात हार घालण्याची घाई नको. गायीच्या दुधाला हात न लावणारा हाच माणूस मासे खातो, उंदीर खातो, पारधीला जातो, लाल मुंग्यांची चटणी मिटक्या मारत खातो. आपल्या शहरी तर्काला ही विसंगती वाटते. मला ती तशी वाटत नाही. पारधीत जनावर पळू शकतं, उलटून अंगावर येऊ शकतं. दावणीच्या गायीला आणि तिच्या वासराला ती सोय नाही. ज्याला पळता येत नाही त्याच्या तोंडचं काढायचं नाही, असा त्या रिवाजाचा अर्थ मी लावतो. तो चुकीचाही असेल. पण हा अर्थ सुचला तेव्हापासून या सगळ्या विषयाकडे मी ‘काय वर्ज्य’ असं न पाहता ‘कुणाचा वाटा’ असं पाहू लागलो.

चंद्रपूरच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात गांधीजी राहिले. त्यांनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं होतं. पुढे जिवावरच्या दुखण्यात शेळीचं दूध घ्यावं लागलं आणि ती टोचणी त्यांना अखेरपर्यंत राहिली. व्रतातलं गाय-म्हशीपुरतं अक्षर पाळलं, पण त्याचा आत्मा गेला, हे त्यांनी स्वतःच कबूल करून ठेवलं आहे. जे महात्म्याला जड गेलं ते सगळ्यांनी एका सोमवारपासून करावं, असा आग्रह धरणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं. मी स्वतः दूध सोडलं ते पन्नाशीत, आणि तेही आधी चहातलं, मग दही, शेवटी तूप. तूप सोडताना वरण-भातानं माझा बराच अपमान केला.

खाण्याचा प्रश्न म्हणाल, तर आपल्याकडे तो फार अवघड नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेल्या एचएमटी धानाचा भात, तुरीचं किंवा लाखोळीचं वरण, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी. पावसाळ्यात तरोटा, काटवल, कुड्याची फुलं, बांबूचे वास्ते आणि नशीब असेल तर सात्या, म्हणजे रानातल्या अळंब्या. बदामाचं दूध मुंबईहून मागवण्याची गरज कुणाला पडावी? गंमत अशी की, वरोरा-भद्रावतीकडे सोयाबीन पिकतं, पण त्याचं तेल निघाल्यावर उरलेली ढेप मोठ्या प्रमाणात कोंबड्यांच्या खाद्यात जाते. आपल्याच शेतातली प्रथिनं आपण कोंबडीच्या पोटातून फिरवून आणतो.

पण हे ताट मांडताना एक खबरदारी हवी. चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या कितीतरी घरांत रोजचं जेवण जवळजवळ व्हेगनच असतं, ते दारिद्र्यामुळे. दुसरं काही परवडत नाही म्हणून. त्याला नीतीचा मुलामा देणं हा चावटपणा होईल. अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातल्या अंगणवाडीत मुलाला अंडं मिळतं, नको असेल तर केळी. कुपोषणाशी झुंजणाऱ्या लेकराच्या हातातलं ते अंडं काढून घेण्याची भाषा कुणी करत असेल, मग ती करुणेच्या नावानं असो की धर्माच्या, तर मी त्याच्या सभेला जाणार नाही. सोडण्याची सुरुवात ज्याच्याकडे जास्त आहे त्यानं करायची. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. ज्याच्या ताटात चार वाट्या आहेत तो एका वाटीवाल्याला संयम शिकवतो.

कोशाचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. आरमोरी भागातली ढिवर कुटुंबं ऐनाच्या झाडांवर टसरचे किडे वाढवतात. अळ्या पानं खातात, कोश विणतात, आणि धागा निघावा म्हणून आतल्या जिवासकट तो कोश वाफवला जातो. व्हेगन माणसानं रेशीम नेसायचं नाही, हे सरळ आहे. आईची कोशाची साडी आमच्या घरी पेटीत आहे. ती मी कुणाला देऊ शकत नाही आणि नवी घेऊही शकत नाही. पण याच ढिवरांना ऐनाचं जंगल उभं राहायला हवं असतं, कारण झाड तुटलं तर धंदा बसतो. एकीकडे हजारो किडे मरतात, दुसरीकडे त्यांच्यापायी झाडं टिकतात आणि झाडांवरची बाकीची सृष्टीही. शिवाय अळ्या टिपणाऱ्या पाखरांना हाकलायला दिवसभर गलोल घेऊन बसावं लागतं, ते निराळंच. मला यातून सुटणारं गणित सापडलेलं नाही. माझ्यापुरतं उत्तर आहे ते एवढंच की कोसा नेसणार नाही, आणि कोसा काढणाऱ्याला पापी म्हणणार नाही.

हेमलकशाची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे, तरी ती इथे सांगावी लागते. लोकबिरादरी प्रकल्प १९७३च्या डिसेंबरात सुरू झाला. डॉ. प्रकाश आमट्यांना एकदा शिकारीहून परतणारे माडिया दिसले. मारलेल्या माकडिणीला तिचं जिवंत पिल्लू चिकटलेलं होतं. पिल्लाचं काय करणार, तर खाणार. आमट्यांनी उपदेश केला नाही. तांदूळ देतो, पिल्लू मला द्या, म्हणाले. तिथून ते प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं आणि बिबट्या, अस्वलं, हरणं तिथे वाढली. विलास मनोहरांच्या ‘नेगल’मध्ये ते सारं आलं आहे. या गोष्टीतलं प्रेम सगळ्यांना आठवतं. मला त्यातला तांदूळ महत्त्वाचा वाटतो. भुकेल्या माणसानं शिकार सोडावी असं वाटत असेल तर त्या शिकारीची किंमत आपण मोजायची, ही त्या सौद्यातली नीती. दवाखाना आणि शाळा त्याच सौद्याचा पुढचा भाग होता. बिबट्याच्या पिंजऱ्यात रोज मांस टाकावं लागे, हेही खरंच. करुणेचा हिशेब असा कुठेतरी सांडतोच.

प्राणिहक्कांचं खरं रणांगण मात्र आपल्याकडे ताटात नाही. ते धुऱ्यावर आहे.

धान भरात आला की रानडुकरं येतात, रोही येतात. एका रात्रीत बांधी लोळवून जातात. वैतागलेला शेतकरी पंपाच्या नाहीतर खांबावरच्या लाइनवरून तार ओढतो, त्याला ‘करंट लावणं’ म्हणतात. त्या तारेला डुक्कर मरतं, त्याच तारेला वाघ मरतो आणि पहाटे पाणी पाहायला गेलेला शेजारचा माणूसही मरतो. त्याऐवजी झटका मशीन असतं. सौर पट्टीवर चालणारं ते यंत्र थांबून थांबून धक्का देतं; जनावर दचकून पळतं, मरत नाही. गावातल्या दहा शेतकऱ्यांनी मिळून असं कुंपण घालावं म्हणून त्यांच्यासोबत वनखात्याच्या पायऱ्या चढणं, अर्ज भरून देणं, पंचनाम्याला वेळेत माणूस यावा म्हणून फोन करत राहणं, याला कुणी प्राणिहक्क चळवळ म्हणत नाही. फलक नाहीत, फोटो नाहीत. पण मेलेल्या वाघासाठी मेणबत्त्या लावण्यापेक्षा हे काम वाघाच्या जास्त उपयोगी पडतं. तसंच विहिरीचं. शेतातल्या बिनकठड्याच्या विहिरीत बिबटे, रानडुकरं, कोल्हे पडतात. चार ओळी विटांचा कठडा बांधायला कुठलं तत्त्वज्ञान लागत नाही.

वाघानं माणूस मारला तर वारसांना आता २५ लाख रुपये मिळतात. रक्कम थोडी नाही. पण शहरातला वन्यजीवप्रेमी आणि ब्रह्मपुरी-सिंदेवाहीचा शेतकरी यांच्यात दरी आहे ती पैशाची नाही. वाघ एकाला जिप्सीतून दिसतो आणि दुसऱ्याला वाकून मोह वेचताना. ताडोबा हे नाव ज्याच्यावरून पडलं तो तारू, वाघाशी झुंजताना मेलेला गावप्रमुख. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे आणि पौषात तिथे जत्रा भरत आली आहे. वाघाच्या राज्यात देवपण मिळालं ते वाघाकडून मेलेल्या माणसाला, हे इथल्या लोकांनी फार पूर्वीच ठरवून ठेवलं होतं. त्या माणसाला वगळून वाघाचे हक्क मांडायला गेलं की गावातून पहिला प्रश्न येतो, “साहेब, तुमच्या वार्डात सोडू का एक?”

मोहाचंच घ्या. मार्च-एप्रिलमध्ये फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. ती आग पसरते. जमिनीवर घरटं करणारी पाखरं, सरडे, कासवं होरपळतात. झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरली तर आग लावावी लागत नाही, फुलं स्वच्छ मिळतात आणि वाकून वेचण्याचा वेळही वाचतो. वाकलेलं माणूस वाघाला चार पायांचं भक्ष्य वाटतं, म्हणून हा वेळ वाचणं जिवाचं आहे. उजाडल्यावरच, तीन-चार जणींनी मिळून जायचं; पहाटेचा मोह अस्वलाचा असतो. शेवटचं वाक्य मी रचलेलं नाही, रानात जाणाऱ्या एका बाईनं ते मला सहज सांगितलं. वाटा हा शब्द तिनं वापरला नाही, तरी तिला तेच म्हणायचं होतं.

गिधाडांचाही असाच वाटा होता, मेलेल्या ढोराचा. दुखऱ्या जनावराला डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं आणि ते मेलं की त्याचं मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. भारतातली गिधाडं या एका औषधानं संपत आली, तेव्हा २००६ साली जनावरांसाठी ते बंद झालं. २०२३मध्ये केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकही बंद झाली. गडचिरोलीत वनखात्यानं गिधाडांसाठी ‘उपाहारगृहं’ काढली, म्हणजे मेलेली जनावरं ठेवायच्या जागा. ज्याच्या गोठ्यात बैल आहे त्यानं सुई टोचायला आलेल्याला “गिधाडांना न बाधणारं मेलोक्सिकॅम आहे का?” एवढं विचारावं. गोरक्षणाच्या घोषणेपेक्षा हा प्रश्न लांबवर जातो.

शंकरपट आणि कोंबडबाजार यांबद्दल थोडक्यात. बैलांच्या शर्यतींना सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली मनाई केली आणि २०२३ साली घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरल्यानं त्यांना कायद्याचा पक्का आधार मिळाला. झाडीपट्टीत पटासोबत रात्रीचं नाटक असतं, त्यावर कित्येक कलावंतांची चूल चालते. नाटक राहू द्यावं, पराणी जाऊ द्यावी. ज्या खांद्यांना पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण हळद-लोणी लावून शेकतो, त्याच बैलाला चार महिन्यांनी टोचणं आपलं आपल्यालाच शोभत नाही. कोंबड्याच्या पायाला धारदार पातं बांधून त्यावर पैसे लावण्याबद्दल मात्र मला काहीही समजून घ्यायचं नाही.

हे सगळं बोलायचं कुठे? धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखानं त्याची जागा दाखवून दिली आहे. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ साली स्वतःचा बांबू विकण्याचा अधिकार मिळाला. २००६च्या वनहक्क कायद्याचं पाचवं कलम ग्रामसभेला वन्यजीव आणि जंगल राखण्याचाही अधिकार देतं. या कलमाखाली करंटच्या तारेविरुद्ध, वणव्याविरुद्ध ठराव होऊ शकतो, आणि तो बाहेरच्या कुणाचा उपदेश नसतो. आपल्यासारख्यानं तिथे जायचं असेल तर मागच्या रांगेत बसायचं. बोलण्याआधी कोरा चहा घ्यायचा.

आमच्याकडे भारी धान उभा असतो ते दिवस. मूल गावाच्या पलीकडे रात्री एसटीतून जाताना शेताशेतांतल्या माळ्यांवर शेकोटीचे ठिपके दिसतात. जागल चालू असते. एक जण डबा बडवतो, दुसऱ्या बांधीवरून दुसरा त्याला हाक देतो. मधूनच एखादं शेत दिसतं जिथे माळा नाही, शेकोटी नाही आणि हाकही नाही. तिथे झटका मशीन आहे की करंटची तार, ते एसटीच्या खिडकीतून कळत नाही.