बाकावरचे दोन तास

महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची गर्दी असते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ साली सुरू झालं, तेव्हापासून ही तारीख ठरलेली. हिंगोलीत त्या दिवशी सेनगावकडून, कळमनुरीकडून, औंढ्याकडून बाया येतात. कुणी एसटीनं, कुणी नवऱ्याच्या गाडीवर, कुणी आशाताईसोबत ऑटोत. हातात फाइल, पिशवीत पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेली भाकरी.

रक्तातली साखर बघायची असेल तर पाण्यात कालवलेलं ग्लुकोज प्यायला देतात. ७५ ग्रॅम. पहिला घोट बरा लागतो, तिसऱ्या घोटाला नको होतं. मग सिस्टर सांगते, आता दोन तास बसायचं. काही खायचं नाही, उगाच फिरायचं नाही. दोन तासांनी रक्त घेऊ.

माझं मन या दोन तासांवर रेंगाळतं.

खेड्यातल्या बाईला दोन तास नुसतं बसायला कुठं मिळतं? घरी बसली तरी हातात लसूण असतो, नाहीतर निवडायची डाळ. इथं बसणं हेच काम. शेजारी दुसरीही तशीच बसलेली. मग बोलणं निघतं. कितवा लागला? माहेर कुठलं? पाय सुजतात का गं? दोन तासांत माणूस बरंच सांगून जातं.

ही तपासणी आपल्याकडे रुळवली ती चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी. १० मार्च हा त्यांचा जन्मदिवस आता देशात गरोदरपणातल्या मधुमेहाच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळतात. त्यांनी ओळखलेली गोष्ट साधी होती. लांबून येणारी बाई उपाशीपोटी येईलच असं नाही, आणि एकदा परत गेली की उद्या पुन्हा येईल याचा भरवसा नाही. म्हणून जेवून आली असली तरी चालेल, एकदाच रक्त घ्या. दोन तासांनी साखर १४० किंवा त्याहून जास्त आली, तर तो गरोदरपणातला मधुमेह. केंद्र सरकारच्या २०१४च्या आणि पुढं २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत हीच पद्धत आहे. पहिल्या भेटीत एकदा, आणि तेव्हा साखर बरी निघाली तर २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा.

आकडा जास्त आला की बाई पहिलं म्हणते, "माझं काय चुकलं?" घरची म्हणतात, "एवढी बारीक पोर, हिला कुठली शुगर?" दोन्ही प्रश्न बाजूला ठेवावेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून आसपासच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा माग ठेवला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, हडकुळी, पण अंगात चरबीचा वाटा मात्र जास्त. वरून बारीक दिसणं आणि आतून निरोगी असणं, या दोन गोष्टी आपल्याकडे एकत्र नांदतातच असं नाही.

आणि चुकलं काय म्हणावं, तर काहीच नाही. पोटात बाळ वाढतं तशी वारही वाढते. वार काही संप्रेरकं सोडते, त्यांनी आईच्या इन्शुलिनचा जोर कमी पडतो. साखर रक्तात थोडी जास्त वेळ राहावी, बाळाला पोचावी, एवढाच त्यामागचा डाव. बहुतेकींचं शरीर जास्त इन्शुलिन करून हे निभावून नेतं. काहींचं पुरं पडत नाही. मग साखर वारेतून बाळाकडे जातच राहते. आईचं इन्शुलिन मात्र पलीकडे जात नाही. बाळ स्वतःचं इन्शुलिन करतं आणि पोसतं, कधी कधी इतकं, की बाळंतपण अवघड होऊन बसतं. जन्मल्यावर नाळ तुटते, साखर थांबते, इन्शुलिन तेवढंच राहतं. म्हणून अशा बाळाला लवकरात लवकर पाजायचं आणि त्याच्या साखरेवर लक्ष ठेवायचं.

पंगतीत वाढणारा जसा 'नको' ऐकत नाही, तसंच काहीसं ही वार करते.

आणि वारेसारखंच घर. दोन जिवांची आहे, दोघांचं खा. डोहाळजेवणाला पाच प्रकारचं गोड. शेजारीण पुरणपोळी घेऊन येते, मावशी शिरा पाठवते. यातलं काहीच वाईट नाही. ज्या घरांनी टंचाई पाहिली आहे, त्या घरांत माया ताटातूनच दिसणार. पथ्य सांभाळणं एक वेळ जमतं. समोरच्या मायेला हात आडवा धरणं जड जातं. "काहून गं, माझ्या हातचं गोड लागत नाही का?" या प्रश्नाला कुठल्याही आहारतक्त्यात उत्तर नसतं.

ते उत्तर दुसऱ्या बाईकडे असतं. जिनं मागच्या खेपेला हे काढलंय तिच्याकडे. ती सांगते, "नको म्हणूच नकोस. घे, म्हण, रात्री खाते, आणि जावेच्या पोराला दे." डॉक्टर हे सांगणार नाहीत. त्यांना सुचायचंही नाही. ती सांगते, चहा बंद करू नकोस, त्यातली साखर दर आठवड्याला थोडी कमी कर, जिभेला कळत नाही. संकष्टीला साबुदाणा खाल्ला की आकडा कसा चढतो, हे तिनं स्वतःच्या रक्तात पाहिलेलं असतं. उपास सोड, देव रागवत नाही, हे तिनं म्हटलं की पटतं.

मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात या आजाराला लागणारं बरंच काही आधीपासून आहे. मोडाची मटकी, पिठलं, अंबाडी, शेपू, करडईची भाजी, ताक, जवसाची चटणी, सकाळी पोह्यांऐवजी मेथी घालून एखादं ज्वारीचं धपाटं. पण ज्वारी म्हणजे औषध नव्हे. चार भाकरी खाल्ल्या तर चार भाकरींचीच साखर होते. जे खायचं ते वाटून खायचं. तीन जेवणं थोडी कमी, मधे मूठभर फुटाणे नाहीतर एखादा पेरू, आणि जेवल्यावर अंगणात चार फेऱ्या. उपाशी राहणं हेही पथ्य नव्हेच. वसमतचा पट्टा हळदीचा, त्यामुळे हळदीच्या दुधाचा सल्ला इथं न मागता मिळतो. हळदीनं काही बिघडत नाही. त्या दुधात चमचाभर साखर कोण घालतं, तेवढं बघावं.

असं दोन आठवडे करायचं. मग जेवणानंतर दोन तासांची साखर बघायची. १२०च्या आत आली तर हाच क्रम पुढं. वर राहिली तर गोळी किंवा इन्शुलिन. इन्शुलिन लागलं म्हणजे बाईनं पथ्य पाळलं नाही, असा अर्थ घरानं काढू नये. काढतात. तेव्हाही आधी कुणाचा तरी फोन येतो, "मलाही लागलं होतं. सुई बारीक असते. पोरगी बघ आता कशी पळते."

बाळंतपणानंतर बहुतेकींची साखर जागेवर येते, आणि मग तो विषयच संपतो. खरं तर संपत नाही. अशा बाईला पुढं कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा एकदा रक्त बघायचं, आणि नंतरही अधूनमधून बघत राहायचं. पण तोवर डिंकाचे लाडू संपलेले असतात, सव्वा महिना झालेला असतो, घराचं सगळं लक्ष पाळण्याकडे असतं. आणि बाईला पुन्हा भाकरी थापायला मोकळं केलेलं असतं.

दीड महिन्याला बाळाचा डोस असतो. तो कुणी चुकवत नाही. बाळाच्या कार्डावर त्याची तारीख लिहिलेली असते. तिच्याच खाली आईच्या तपासणीची तारीख पेनानं लिहून ठेवता येते, म्हणजे एकाच फेरीत दोन्ही होतं. आशाताई ती लिहू शकते. नवराही लिहू शकतो.