दोष पात्याचा की योजकाचा?

काम बिघडले म्हणजे हत्याराला दोष देणाऱ्याची आपण थट्टा करतो; नाचता येईना, अंगण वाकडे, अशी म्हणच आहे. थट्टेत तथ्य आहे. परंतु तिच्या आड दुसरा एक प्रश्न लपून राहतो. हत्यार खरोखरच त्या कामास अयोग्य असेल, तर दोष हत्याराचा, की ज्याने ते त्या कामास लावले त्याचा?

बँडसॉचे, म्हणजे दोन चाकांवरून अखंड फिरणाऱ्या पट्टीकरवतीचे उदाहरण घेऊ. ६ इंच जाडीचे लाकूड चिरावयाचे असेल, तर इंचाला ३ दात असलेले पाते लावतात. त्या वेळी १८ दात लाकडात असतात आणि दातांमधील रुंद खाचा भुसा बाहेर वाहून नेतात. त्याच लाकडाला इंचाला १४ दातांचे पाते लावले, तर ८४ दात लाकडात अडकतात, लहान खाचा भुशाने भरतात, पाते तापते, लाकूड करपते आणि काप वाकडा जातो. उलट पाव इंची प्लायवुडवर हेच बारीक पाते सफाईने चालते. कारण निदान ३ दात सतत लाकडात असावेत, हा नियम तेथे पाळला जातो. मोठ्या दातांचे पाते मात्र त्याच्या कडा उचकटते. रुंदीचेही तसेच. पाऊण इंची पाते सरळ रेषेत ठाम राहते, पण सुमारे साडेपाच इंचांहून लहान त्रिज्येचे वळण त्यास घेता येत नाही. पाव इंची पाते सुमारे ५/८ इंच त्रिज्येतही वळते, पण जाड लाकडात भरकटते. सारांश, ‘उत्तम पाते’ असे काही नसतेच. असते ते या लाकडाला, या कापाला योग्य असे पाते.

येथवर सुताराचे शास्त्र झाले. नीतीचा प्रश्न पुढेच आहे. आम्ही घरापासून दूर बदलून आलेली नोकरमाणसे ज्या कचेऱ्यांत आयुष्य घालवितो, तेथे नेमणुका होतात आणि वर्षअखेर मूल्यमापनाचे अहवाल लिहिले जातात. टिपण बारकाईने तपासणारा मनुष्य गर्दीच्या खिडकीवर बसविला, की तो ‘संथ’ ठरतो. झपाट्याने निर्णय घेणारा हिशेबतपासणीस दिला, की ‘निष्काळजी’. शेरा पात्यावर पडतो. निवडणाऱ्या हाताचा उल्लेख क्वचितच येतो.

यावर कोणी म्हणेल, मनुष्य म्हणजे पाते नव्हे. तो शिकतो, बदलतो. शिवाय प्रत्येकास मनाजोगे काम कोणती कचेरी देईल? दोन्ही गोष्टी खऱ्या. तथापि लहान चाकावर जाड पाते चढविले, तर तेही पहिल्या दिवशी तुटत नाही. दर फेऱ्यास वाकून सरळ होताना त्याला सूक्ष्म चिरा पडत जातात आणि एके दिवशी ते तुटते. पाहणारा म्हणतो, पातेच कच्चे होते. माणसाच्या जुळवून घेण्यालाही अशी न दिसणारी किंमत असते.

खरा भेद आम्हांस निराळाच दिसतो. पात्याला विचारता येत नाही, माणसाला येते. म्हणून माणसाच्या बाबतीत योजकाचे उत्तरदायित्व कमी होत नाही, उलट वाढते. विचारूनही गैरसोयीचे काम द्यावे लागणे ही अडचण होय. न विचारता ते देऊन मागाहून शेरा मारणे हा अन्याय होय. आणि खुर्ची कितीही धाकटी असो, हाताखालच्या माणसापासून घरच्या मुलांपर्यंत आपण कोणाचे तरी योजक असतोच. शेरा लिहिण्यापूर्वी, हे पाते येथे कोणी लावले, एवढे आपण स्वतःस विचारावे.