हौसेला मोल नाही

माझा भाचा हल्ली ‘हाऊस म्युझिक’ ऐकतो. मला आधी वाटलं, घरच्या घरी म्हणायची भजनं असतील. मग त्याने ऐकवलं. एकच ठेका, वीस मिनिटं! भजनच होतं, फक्त अभंग सुरू व्हायचा राहिला होता.

“मामा, हे अंडरग्राउंड असतं,” तो म्हणाला. (गिरगावात अंडरग्राउंड म्हटलं की आता मेट्रोच आठवते.) “जाहिरात नाही, पाट्या नाहीत. चार पोरं स्पीकर आणतात, ओळखीतून माणसं वाढत जातात.” शिकागोत म्हणे ‘वेअरहाऊस’ नावाचा क्लब होता. १९७७ पासून फ्रँकी नकल्स तिथे तबकड्या वाजवायचा. ज्यांना बाकीची दारं बंद, अशी माणसं तिथे नाचायला यायची. वेअरहाऊसमधलं म्हणून हे हाऊस.

आता मला सांगा, यात परळ-लालबागला नवं काय? आमच्याकडे बँजो पार्टी आहे! तो बँजोही खरा बँजो नव्हेच. बटणं दाबून वाजवायचं ते बुलबुलतरंग, मूळचं जपानी. गिरणगावातल्या पोरांनी त्याला वीज जोडली, हातगाडीवर भोंगे चढवले, जोडीला ढोल-ताशे घेतले आणि गणपतीपुढे गल्ली दणाणून सोडली. क्लास नाही, नोटेशन नाही. धाकटा थोरल्याचं बघून शिकला. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून गप्प झाले, यांचे वाजत राहिले. आज काही गिरण्यांच्या आवारात क्लब आहेत आणि तिथे नाचायला पैसे पडतात. आमचं मात्र ‘हाऊस’ नव्हे, शुद्ध ‘हौस’!

हौसेला मोल नाही, असं आपण म्हणतो. इथेच मी जरा अडतो. मोल नाही, तर मग ते शेजाऱ्याकडून कसं वसूल होतं? नाचतो एक, आणि झोप जाते ती पहाटे पाचला पाणी भरायला उठणाऱ्याची.

कायद्याने यावर काटा बसवला आहे. २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद, सणासुदीची थोडी सूट सोडून. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. पंचेचाळीसात आमच्या चाळीतलं नळावरचं भांडणसुद्धा बसायचं नाही!

चाळीचा काटा निराळा होता. तळमजल्यावरच्या आजींचा दमा उसळला की मिरवणूक त्यांच्या खिडकीखाली मुकी व्हायची आणि कोपरा ओलांडला की पुन्हा दणक्यात सुरू. कुणी अर्ज केलेला नसायचा. ताशा बडवणारा पोरगा आजींच्या हातचे लाडू खाऊन वाढला होता, एवढंच.

ओळखीतून माणसं वाढतात आणि एक दिवस ती ओळखीपेक्षा जास्त होतात. त्या दिवसापासून डेसिबल मोजायचं यंत्र लागतं. मग हौस लहानच ठेवावी का? छे! पोरांनी नाचायचं नाही तर काय आम्ही नाचायचं? भाच्याला मी एवढंच सांगितलं: स्पीकर हवा तेवढा मोठा आण; फक्त भिंतीपलीकडे कोण झोपतं, त्याचं नाव आधी विचारून ये. हौसेला मोल नसेल, पण उधारी असते. निदान सावकाराचं नाव तरी ठाऊक असावं!