घनता आणि बळ

जें मोजतां येतें तेंच खरें, असा एक समज आपल्या काळांत सुशिक्षितांच्या मनांत घर करून बसला आहे. त्याची परीक्षा करावयास हाडांचें उदाहरण फार चांगलें. हाडें झिजून ठिसूळ होण्याचा विकार प्रौढ स्त्रियांना विशेषेंकरून जडतो, आणि हाड मोडेपर्यंत त्याचा पत्ता बहुधा लागत नाहीं. म्हणून डेक्सा नांवाच्या यंत्रानें, कमी-अधिक ऊर्जेचे दोन क्ष-किरण शरीरांतून पाठवून, हाडांतील खनिजाची घनता काढतात. निरोगी तरुण स्त्रियांच्या सरासरीहून ती अडीच प्रमाणविचलनें किंवा त्याहून अधिक खालीं गेली, तर विकार झाला असें समजावें, हा निकष जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटानें १९९४ सालीं घालून दिला.

येथवर तक्रारीस जागा नाहीं. परंतु आमच्या चंद्रपूर जिल्ह्याकडे पाहा. येथील कित्येक गांवांच्या भूजलांत खडकांतून विरघळलेलें फ्लोराइड प्रमाणाबाहेर आहे. असें पाणी वर्षानुवर्षें पोटांत गेलें, म्हणजे तें द्रव्य हाडांत सांचतें. विकार बळावला कीं पाठीचा कणा ताठतो, सांधे आखडतात. आणि नवल असें कीं, अशा कण्याची घनता कमी न होतां वाढते! यंत्राच्या हिशेबीं ती बाई सुदृढ. घागर उचलतांना मात्र तिला वाकवत नाहीं.

घनता म्हणजे बळ नव्हे, याचा पुरावा प्रयोगानेंच दिला आहे. अमेरिकेंत २०२ स्त्रियांवर चार वर्षें चाललेल्या आणि १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, हाडें भक्कम व्हावींत म्हणून कांहीं जणींना सोडियम फ्लोराइड देण्यांत आलें. त्यांच्या कण्याची घनता शेंकडा ३५ नें वाढली. परंतु मणके मोडण्याचें प्रमाण लक्षणीय घटलें नाहीं, आणि इतर हाडें मोडण्याचें प्रमाण उलट वाढलें.

मग यंत्रानें आंकडा बरोबर दिला असतां, त्याच्या भरंवशावर रोग्यास निर्धास्त करणारा दोषी ठरतो काय? कोणी म्हणेल, अंदाजापेक्षां आंकडा बरा. खरें आहे, मोजणें सोडा असें कोणी शहाणा सांगणार नाहीं. परंतु आंकडा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. साक्षीदार खरें बोलला तरी जेवढें विचारावें तेवढ्याचेंच उत्तर देतो. बाकीचें विचारण्याचें कर्तव्य माणसाचें. तें यंत्राच्या गळ्यांत बांधतां येत नाहीं.

‘बाई, पाणी कोठलें पितां?’ हें विचारावयास दमडी पडत नाहीं. शिवाय या प्रश्नानें दोषाची जागाच बदलते. आंकडा फार तर सांगेल कीं, व्यंग तुझ्या हाडांत आहे. प्रश्न दाखवितो कीं, तें गांवाच्या पाण्यांत आहे. पहिल्यावरचें औषध तिनें एकटीनें घ्यावयाचें. दुसऱ्यावरचा उपाय निर्दोष पाण्याचा, आणि तो करणें हें साऱ्या समाजाचें देणें ठरतें. आपल्या मापानें आपण कोणाला जबाबदारींतून मोकळें करीत आहों, एवढें तरी मोजणाऱ्यानें पाहावें.