समान अंतर

गाणे ऐकण्याच्या खोलीत स्पीकर कुठे ठेवावेत, हा प्रश्न वरवर पाहता सुताराचा किंवा वायरमनचा. नीतिविचाराशी त्याचा काय संबंध, असे कुणीही विचारील. पण खासबागेतल्या आमच्या दहा बाय बाराच्या सोप्यात दोन स्पीकर मांडताना माझ्या ध्यानात आले, की स्पीकर कुठे ठेवायचे म्हणजे माणसांना कुठे बसवायचे. आणि माणसांना कुठे बसवायचे म्हणजे कुणाच्या वाट्याला काय यावे, हे ठरवणे.

आधी शास्त्र काय म्हणते ते पाहू. ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ च्या डिसेंबरात दोन वाहिन्यांच्या ध्वनिमुद्रणाच्या पेटंटसाठी अर्ज केला. बोलपटात नट पडद्याच्या एका कडेला आणि आवाज भलतीकडून, हे त्याला खटकले होते असे सांगतात. दोन वाहिन्यांतून किंचित वेगळे आवाज आले, की मेंदू त्यांतून दिशा घडवतो. गायक मधे, तबला एका बाजूला, तंबोरे मागे, असे समोरच्या रिकाम्या जागेत जणू दिसू लागते. मात्र त्यासाठी दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण जमावा लागतो. स्पीकर कानाच्या उंचीवर हवेत, भिंतीपासून थोडे पुढे हवेत. कोपऱ्यात ढकलले तर खर्ज फुगतो आणि शब्द त्यात बुडतात.

हे जमले की मिळणारे सुख खरोखर मोठे आहे. पण ते नाजूकही आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे एक स्पीकर आपल्याला दुसऱ्यापेक्षा दीड वीत जवळ असला, तर त्याचा आवाज सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका आधी पोचतो. एवढ्यानेच कान फसतो आणि सारे गाणे जवळच्या स्पीकरातून येत आहे असे मानतो. आधी पोचलेला आवाज दिशा ठरवतो आणि पाठोपाठ आलेला त्यात विरून जातो, याचा सविस्तर अभ्यास हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली मांडला. तात्पर्य, खोलीत माणसे कितीही असोत, त्रिकोणाचे तिसरे टोक एकच. ते एकाच माणसाचे.

मग एकाला पूर्ण सुख द्यावे, की सर्वांना थोडे थोडे? प्रश्न असा मांडला तर उत्तर सोपे वाटते. पाळीपाळीने बसा! आज मी मधे, उद्या सौ., परवा मुलगा. समता झाली, चित्रही शाबूत राहिले. मलाही हे उत्तर पुरेसे वाटले असते, पण आमच्या घरात दादा आहेत.

दादा म्हणजे थोरले बंधू. खासबाग, वडगाव, शहापूर हा बेळगावचा विणकरांचा भाग. दादांचे आयुष्य यंत्रमागावर गेले. त्या खडखडाटाने दोन्ही कान मंदावले, आणि पुढे एका दुखण्यात डावा कान पुरताच गेला. त्यांना मी म्हटले, "दादा, आज तुम्ही मधे बसा." ते हसले. "मला मधे बसवून काय करतोस? एका कानाला मधलं काय कळतंय? त्या उजव्या खोक्यापाशी बसतो की मी."

तिथे बसल्यावर गाणे त्यांना ऐकू आले, पण डाव्या खोक्यातला तबला त्यांच्यापर्यंत नीट पोचेना. मधल्या खुर्चीची पाळी त्यांना देणे म्हणजे ज्याला दात नाहीत त्याला पंगतीत चकलीचा समान वाटा वाढण्यासारखे होते. वाढणाऱ्याचे मन शांत होते, जेवणारा उपाशी उठतो.

ॲम्प्लिफायरवर 'मोनो' असे एक बटण आहे. ते दाबले की दोन्ही वाहिन्या एक होतात आणि दोन्ही स्पीकरांतून तेच येते. दादांना सगळे गाणे मिळते. माझ्यासमोरचे चित्र मात्र पुसले जाते. आता खरा प्रश्न उभा राहतो. माझे चित्र हा निव्वळ चैनीचा भाग आहे, असे म्हणून मी मोकळा होऊ शकत नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने ते मेहनतीने घडवले आहे. ते पुसणे हा त्याच्या कामाशी थोडा बेइमानीपणाच. एकीकडे कलाकृतीशी इमान, दुसरीकडे शेजारी बसलेल्या माणसाशी.

या पेचात मला आपल्याच मुलखातले एक उदाहरण आठवते. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेले शिवपुत्र कोमकली, म्हणजे आपले कुमार गंधर्व, लहानपणी मोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून तशाच्या तशा गात. त्या तबकड्यांत वाहिनी एकच, एका बाजूला गाणे तीन-साडेतीन मिनिटांचे. तरी त्या एका वाटेने एवढे गाणे एका मुलाच्या कानात शिरले! गायक डावीकडे की उजवीकडे, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. म्हणजे चित्र मोलाचे आहे खरे, पण गाण्याचा प्राण चित्रात नाही. चित्र पुसले तर मला काही कमी मिळते. तबला गेला तर दादांचे गाणेच मोडते. ही दोन नुकसाने सारख्या वजनाची नव्हेत.

"जुन्या मैफलीच बऱ्या, तिथे असला त्रिकोण नव्हता," असे कुणी म्हणतील. त्यात भाबडेपणा आहे. मैफलीतही पुढची सतरंजी मातब्बरांची असे आणि पुष्कळ जण बाहेर कट्ट्यावर उभे राहून ऐकत. जागेचा प्रश्न यंत्राने आणलेला नाही. यंत्राने तो इंचात मोजून दाखवला, इतकेच.

शिवाय खोलीत न बसलेलाही एक श्रोता असतो. आमची एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे. २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. पण शेजारचा मुलगा रात्रपाळी करून दिवसा झोपतो. नियमाचा दिवस ही त्याची रात्र आहे. भिंतीतून तंबोऱ्याचे बारकावे जात नाहीत, खर्जाचे धक्के मात्र जातात. म्हणून स्पीकर त्या भिंतीपासून काढून रस्त्याकडच्या भिंतीशी मांडले. त्रिकोण जरा तिरपा झाला, तो होऊ दिला.

स्टिरिओचा सारा नियम दोन शब्दांत सांगता येतो : समान अंतर. ध्वनीसाठी तो बरोबर आहे. माणसांच्या बाबतीत समान अंतर, समान पाळी, समान वेळ यांना आपण घाईने न्याय म्हणतो. दादांना न्याय हवा तर अंतर असमान ठेवावे लागते आणि शेजाऱ्याला हवा तर घड्याळ वेगळे लावावे लागते. प्रत्येकाची जागा कोणती, हे टेप सांगत नाही. ते ज्याचे त्यालाच विचारावे लागते.

दादा सोप्यात असले की मी मोनोचे बटण दाबतो. ते शेताकडे गेले की बटण सोडतो, खुर्ची मधे ओढतो आणि एकटा बसून समोरचा तबला, मागचे तंबोरे न्याहाळतो. त्या एकटेपणाची मला लाज वाटत नाही. मधली खुर्ची असण्यात पाप नाही. ती जमिनीला खिळलेली नसावी, एवढेच मी पाहतो.