उसनी बुद्धि

ऋण काढून सण करूं नये, ही शिकवण आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या दिली गेली. पैशाच्या ऋणाविषयीं इतके सावध असणारे आपण बुद्धीच्या ऋणाविषयीं मात्र फारसा विचार करीत नाहीं. संगणकाची आज्ञावली लिहून देणाऱ्या यंत्रांनीं तो विचार आतां भाग पाडला आहे. ‘गिटहब कोपायलट’ हें त्यांतील एक यंत्र २०२२ सालीं महिना १० डॉलरांस सर्वांकरितां खुलें झालें. पेण-रोह्याचा तरुण नवी मुंबईस नोकरीला जात असो वा घरीं बसून काम करीत असो, त्यानें इच्छा सांगावी आणि यंत्रानें आज्ञावली लिहावी, हें आज नित्याचें झालें आहे.

परंतु ही बुद्धि फुकट मिळत नाहीं. प्रत्येक प्रश्नामागें विजेचा व प्रचंड यंत्रशाळांचा खर्च असतो. म्हणूनच २०२५ सालीं त्याच १० डॉलरांच्या वर्गणीवर, अधिक समर्थ यंत्रांकरितां, महिन्यास ३०० प्रश्नांची मर्यादा घालण्यांत आली. ती संपली म्हणजे अधिक पैसे मोजावे लागत, नाहीं तर दुय्यम यंत्रावर भागवावें लागे. अशा वेळीं मनुष्याजवळ स्वतःचें असें काय उरतें, हा आमच्या मतें खरा प्रश्न आहे.

त्याच वर्षीं ‘मेटर’ नामक अमेरिकन संस्थेनें १६ अनुभवी आज्ञावलीकारांकडून २४६ कामें करवून घेतलीं. यंत्राची मुभा असलेल्या कामांस १९ टक्के अधिक वेळ लागला. करणारांस मात्र आपण २० टक्के लवकर आटोपलें असें वाटत होतें. एवढ्या लहान प्रयोगावरून सार्वत्रिक सिद्धान्त काढणें योग्य नव्हे. तथापि उसनवारींत हिशेबाचें भान सुटतें, एवढें त्यावरून दिसतें.

यावर कोणी म्हणेल, साधनाचा उपयोग करणें हा का दोष? मुळींच नाहीं. पेण व त्याजवळच्या हमरापूर, जोहे ह्या गांवीं गणेशमूर्ति साच्यांतूनच निघतात. म्हणून तेथील कारागिरांस कोणी कमी लेखीत नाहीं. साच्यांतून निघालेल्या मूर्तीचे सांधे घासावे लागतात, आणि डोळ्यांची आखणी सरावलेला हातच करतो. शिवाय नवा साचा हवा असेल तर मूळ मूर्ति आधीं कोणीतरी मातींत घडवावी लागते. सर्वांनींच साच्यावर विसंबून माती मळणें सोडलें, तर जुने साचे झिजेपर्यंतच तो धंदा चालेल.

आज्ञावलीची गोष्ट हीच आहे. जाणता मनुष्य यंत्राचें लिखाण वाचतो, चूक ओळखतो, ऋण समजुतीनें फेडतो. नवशिक्याजवळ ती ऐपत अजून नसते. आणि ज्या लहानसहान कामांवर त्यानें ती मिळवावयाची, तींच कामें मालक यंत्राकडे देऊं लागले आहेत. मग उद्यांचे जाणते येणार कोठून? पतपेढीच्या खात्यांत किंवा रुग्णालयाच्या औषधांच्या यादींत आज्ञावली चुकली, तर यंत्र जाब देणार नाहीं. आणि ज्यानें ती न समजतां पुढें धाडली, त्याला तो देतां येणार नाहीं. त्याची किंमत तिसराच कोणी निरपराध मनुष्य भरील.

म्हणून आम्हांस एवढीच मर्यादा पाळावीशी वाटते, कीं जें लिखाण आपल्याला ओळीगणिक समजावून सांगतां येत नाहीं, तें आपलें म्हणून दुसऱ्याच्या हातीं देऊं नये. आणि मालकांनींही नवशिक्याला समजून घेण्याइतका अवकाश द्यावा. तो खर्च १० डॉलरांहून अधिक खराच, पण टाळण्यासारखा नव्हे.